जहाजावरील बिऱ्हाड

टीकाकारानें कोणत्या कृतीकडे पाहावें आणि कोणत्या कृतीकडे पाहूं नये, याविषयीं आपल्याकडे कांहीं संकेत ठरून गेले आहेत. काव्य, नाटक, कादंबरी, फार तर चित्रपट, एवढ्या प्रांतांत त्याची लेखणी निर्वेधपणें चालते. मुलांच्या खेळाकडे ती वळली तर मात्र वडील मंडळी भिवया उंचावतात. तथापि ज्या कृतींत पात्रें आहेत, प्रसंग आहेत, संवाद आहेत आणि त्यांच्या परिणामांचा विचारहि आहे, ती केवळ टेबलावर फांसे टाकून खेळली जाते एवढ्यानें वाङ्मयाच्या शिवेबाहेर पडते असें आम्हांस वाटत नाहीं. इंग्रजींत ज्यास 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात आणि ज्यास आम्ही येथें भूमिकांचा खेळ म्हणणार आहों, तो या जातीचा आहे. त्यांतील एका अंगाचें, म्हणजे जहाजाच्या नकाशाचें, आणि त्यांतहि खलाशांच्या बिऱ्हाडाचें परीक्षण करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांचा या खेळाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या प्रकारास रूप आलें. चारपांच मंडळी एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीच्यांनीं एकेक पात्र पत्करावयाचें आणि आपलें पात्र काय बोलतें व काय करतें तें तोंडानें सांगावयाचें. जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसे टाकून निकाल लावावयाचा. लिहिलेली संहिता नाहीं, रंगभूमि नाहीं, प्रेक्षक नाहींत. पण नाटकाचा प्राण जो संघर्ष, तो मात्र येथें पुरेपूर असतो. कथा समुद्रावर किंवा आकाशांत घडावयाची असेल तर सूत्रधार एक जहाज कल्पितो, त्याचा चौकटीचौकटींचा नकाशा काढतो आणि तो मंडळींच्या पुढें पसरतो. त्या क्षणापासून तो नकाशाच त्यांचें जग होतो. कोणतें दार कोठें उघडतें, कोणाच्या बिछान्यापासून तोफ किती पावलांवर आहे, स्वयंपाकाची जागा धान्याच्या कोठारापासून किती दूर आहे, यावर पुढची कथा अवलंबून राहते. नाटककारास रंगसूचना लिहिताना जें करावें लागतें तेंच येथें नकाशा काढणाऱ्यास करावें लागतें. म्हणून नकाशा हीहि एक वाङ्मयकृति आहे, आणि तिची परीक्षा वाङ्मयाच्या कसोट्यांनीं झाली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

आम्ही हें कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरून, नृसिंहवाडीहून लिहीत आहों. वाडीच्या पाण्याचा ओढा पूर्वेकडे, आणि मराठ्यांचें आरमार पश्चिमेच्या समुद्रावर. तेव्हां जहाजांविषयीं बोलण्याचा वाडीकरास काय अधिकार, असें कोणी विचारील. अधिकार आहे तो भेद ओळखण्याचा. संगमावरची नाव आम्ही लहानपणापासून पाहत आलों. पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाची काहील पाण्यांत सोडून तींत बसून पैलतीर गांठणारीं माणसेंहि या मुलखास अपरिचित नाहींत. परंतु नाव असो कीं काहील असो, तींत कोणाचें बिऱ्हाड नसतें. नावाडी संध्याकाळीं दोर खुंट्यास बांधतो आणि भाकरीसाठीं घरीं जातो. जहाजाचें तसें नाहीं. जहाज ही अशी नाव आहे कीं जिच्यावरून संध्याकाळीं घरीं जातां येत नाहीं. शीड, सुकाणू, डोलकाठी, तोफा हीं सर्व तिचीं अंगें खरींच. पण लहान होडीपासून तिचें वेगळेपण ठरतें तें तिच्यावर माणसें राहतात यावरून. मग ज्या नकाशांत राहण्याचीच जागा नीट काढलेली नाहीं तो जहाजाचा नकाशा कसला? ती एक मोठी होडी झाली.

या कसोटीवर आजचे बहुतेक नकाशे पाहतां निराशा पदरीं येते. त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. मागच्या बाजूस कप्तानाची ऐसपैस खोली. तिला कांचेच्या खिडक्या. आंत पलंग, टेबल, टेबलावर पसरलेला समुद्राचा पट, कोपऱ्यांत कुलूपबंद पेटी. त्याच्या शेजारीं दोन-तीन अधिकाऱ्यांच्या खोल्या. पुढें तोफांची रांग मोठ्या हौसेनें एकेक करून काढलेली. आणि मग खालच्या मजल्यावर एक लांबच लांब रिकामा चौकोन, त्यावर एकच शब्द: 'खलाशी'. कप्तानाच्या दौतीला नकाशांत जागा आहे, शंभर माणसांच्या पाण्याच्या पिंपांना नाहीं. वाचकांनीं हा दोष चित्रकाराच्या आळसावर ढकलूं नये. ज्या लेखकास आपल्या कथेंतील नायक कोण हें आधींच ठाऊक असतें, तो इतरांसाठीं असाच एक रिकामा चौकोन ठेवतो. हा चौकोन म्हणजे त्याच्या मनांतील रिकामी जागा आहे.

यावर परदेशी खेळांना बोल लावून आपण मोकळे होऊं म्हटलें तर तेंहि न्यायाचें होणार नाहीं. आपल्या मराठी वाङ्मयांतहि तो चौकोन आहेच. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही १९३९ सालची कादंबरी जवळजवळ सगळी युरोपांतून निघालेल्या एका बोटीवर घडते. महायुद्ध तोंडावर आलेलें, हिटलरच्या जर्मनींतून हांकलून दिलेले ज्यू निर्वासित बोटीवर, आणि त्यांत चक्रधर व हॅर्टा यांची ती करुण कथा. मराठींत बोटीवरील बंदिस्त जगाचा इतका परिणामकारक उपयोग दुसऱ्या कोणीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. परंतु तिचें लक्ष प्रवाशांवर आहे. ही बोट ज्यांच्या श्रमांवर चालते ते लोक हा तिचा विषय नव्हे, आणि तो नसावा हा लेखकाचा हक्कहि आहे. उलट, बोटीच्या पोटांत माणसें कशीं कोंबलीं जातात याचें जिवंत वर्णन मराठी वाचकास मिळालें तें एका कैद्याकडून. १९११ सालीं सावरकरांना मद्रासेहून 'महाराजा' बोटीनें अंदमानास नेलें, तेव्हां बोटीच्या तळाशीं पिंजऱ्यांत इतर कैद्यांच्या दाटींत त्यांस जागा मिळाली. तो प्रसंग 'माझी जन्मठेप' मध्यें आला आहे. प्रवाशानें लिहिलें, कैद्यानें लिहिलें. खलाशाची जागा मात्र आमच्या साहित्यांत अजून रिकामीच आहे म्हटलें तरी चालेल. मग नव्या पिढीनें नकाशा काढतांना तो चौकोन तसाच रिकामा ठेवला तर तिला एकटीलाच दोष कसा द्यावा?

आतां वस्तुस्थिति काय होती तें पाहूं; कारण तिच्यांत नकाशाकारास उपयोगी पडेल असें पुष्कळ आहे. पहिली गोष्ट ही कीं, जुन्या युद्धनौकांवर खलाशांची 'खोली' अशी बहुधा नसेच. स्वीडनची 'वासा' ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच फेरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडाली आणि १९६१ सालीं वर काढण्यांत आली. तिच्यासाठीं १४५ खलाशी व ३०० शिपाई नेमावयाचे होते. या सर्वांनीं निजावयाचें कोठें, तर तोफांच्या मजल्यावर, दोन तोफांच्या मधल्या जागेंत. ब्रिटिश आरमारांत टांगत्या झोळ्या असत. तेथें एका माणसाच्या झोळीस १४ इंच रुंदी धरलेली असे. पहारे आळीपाळीचे असल्यामुळें शेजारच्या झोळींतला गडी वर कामावर जाई, आणि तेवढ्यापुरते निजणाऱ्याच्या वाट्यास २८ इंच येत. म्हणजे झोपेची जागा ही भिंतींनीं नव्हे, तर घड्याळानें वाटलेली असे. हें एक सत्य ज्यास कळलें तो नकाशाकार कोरा चौकोन काढणार नाहीं. मध्यरात्रीं त्या मजल्यावर कोण निजलेलें आहे आणि कोण जागें आहे हें तो आधीं ठरवील. आणि चोर, फितूर किंवा प्रेमिक यांच्यापैकीं कोणाचीहि कथा त्याला तेथेंच सांपडेल.

असा मजला प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर त्याचाहि धागा मुंबईपर्यंत येतो. 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं मलबारी सागवानाची बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेली आहे. आपल्याच किनाऱ्यावर बांधलेलें जहाज, आणि त्यांतील खलाशांचा मजला मात्र परदेशी आरमाराच्या शिस्तीचा: ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण मराठी मुलें जेव्हां कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर खेळ रचूं पाहतात, तेव्हां नकळत हाच इंग्रजी मजला उचलून तो मराठी गुराबेंत बसवितात. पण आंग्र्यांचीं गुराबें आणि गलबतें वेगळ्या घडणीचीं होतीं. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें त्यांचें वर्णन करून ठेविलें आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपलीकडे नव्हे. तळ उथळ, मध्यें रुंद, पुढें निमुळती होत गेलेली लांब नाळ. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या वर क्वचितच; त्यास चाळीस-पन्नास वल्हीं; आणि पुष्कळ गलबतांचा वरचा मजला वजन कमी राहावें म्हणून चिरलेल्या बांबूंचा.

या शेवटच्या तपशिलापाशीं क्षणभर थांबावें. बांबूंच्या कामट्यांचा मजला! त्यावर अवजड तोफ चढत नाहीं. फिरत्या खुंटीवरच्या लहान जंबुऱ्या तेवढ्या बसतात. त्याच्या फटींतून ऊन येतें, पाणी गळतें, आणि खालच्यास वरच्याचीं पावलें ऐकूं येतात. चाळीस वल्हीं म्हणजे निदान चाळीस माणसें, शिवाय गोलंदाज व लढवय्ये. आणि हीं सर्व सत्तर टनांच्या आंत. येथें कप्तानाची कांचेच्या खिडक्यांची खोली काढणें म्हणजे पंचांगांत ग्रेगरीय ईस्टर दाखविण्यासारखें आहे. नकाशाकारानें उघड्या आकाशाखालचें बिऱ्हाड कल्पावें. वल्ह्याच्या फळीवरच निजणारा कोळी, पागोटें उशाशीं घेऊन पडलेला भंडारी, सुकाणूजवळ जागणारा तांडेल. लांकडी पेटींत वाळू पसरून तींत मांडलेली चूल, आणि भोंवतीं वारा अडविण्यासाठीं धरलेलें शिडाचें जुनें कापड. शिवाय वारा पडला म्हणजे गलबतांनीं गुराबेस ओढून न्यावयाचें, ही ऑर्मनेंच सांगितलेली रीति. ज्या रात्रीं वारा नाहीं त्या रात्रीं गुराबेवरचे लोक निजले आहेत आणि गलबतावरचे वल्हीं मारीत आहेत: एवढ्या एका गोष्टींत दोन जहाजांवरील माणसांच्या मनांत काय काय उत्पन्न होईल याचा विचार करावा. ही कथा परक्या नकाशांतून कधींच निघाली नसती.

खलाशांच्या राहण्याचा विचार हा आधुनिक हळवेपणा आहे असें मानणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें 'आज्ञापत्र' सिद्ध झालें. त्या अमात्य घराण्याची बावड्याची जहागीर याच कोल्हापूर मुलखांतली. त्यांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नसाव्या, मध्यम असाव्या; जहाजांचें लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये; इतकेंच नव्हे तर पावसाळ्यांत आरमाराची छावणी कोठें व कशी करावी, याचाहि विचार त्यांत आला आहे. राज्यकर्त्यास जें सुचलें तें कथाकारास सुचूं नये, हें नवल नव्हे काय? आणि करवीर राज्यासहि समुद्र परका नव्हता. सिंधुदुर्ग-मालवणचें आरमार करवीरकरांचें होतें. १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' नांव दिलें, पुढें तो परत केला, आणि १८१२ च्या तहानें मालवण कायमचें त्यांच्याकडे गेलें. संगमावर बसून समुद्राचा विचार करणाऱ्यास या मातींत इतका आधार पुरे आहे.

आरमारें गेलीं, आगबोटी आल्या, आणि कोंकणचा खलाशी 'लास्कर' या नांवानें परक्यांच्या चाकरीस लागला. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामास रत्नागिरीच्या बाजूचे लोक पुष्कळ असत, भट्टीपुढें पंजाबी व पठाण, आणि खानपानाच्या व्यवस्थेवर गोवेकर. त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचा भंडारी वेगळा, सारंग हा त्यांचा मुकादम. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानें बोटीवरील खलाशास ७२ घनफूट जागा ठरविली होती. आंकडा नुसता वाचून त्याचा अर्थ मनांत उतरत नाहीं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि सहा फूट उंच: झाले बहात्तर. वाचकांनीं खडूनें आपल्या ओसरीवर सहा फुटांवर दोन फूट अशी रेघ ओढून पाहावी, आणि तिच्या आंत अंथरूण, पेटी, ओले कपडे आणि वर्षभराचें आयुष्य मांडून पाहावें. १९०६ सालीं ही मर्यादा १२० घनफुटांपर्यंत वाढविण्यांत आली. पण ती वाढ हिंदी लास्करांस लागू झाली नाहीं. समुद्र तोच, बोट तीच, वादळ तेंच; माणसाच्या श्वासाला लागणारी हवा मात्र त्याच्या कातडीच्या रंगावरून मोजली गेली. जमिनीवर आल्यावरहि बिऱ्हाडाचा प्रश्न सुटत नसे. मुंबईंत धोबीतलावाच्या भागांत गोव्याच्या एकेका गांवानें आपल्या खलाशांसाठीं 'कूड' काढले होते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळांत आपली पेटी ठेवावी, अंथरूण टाकावें आणि सांजेची प्रार्थना करावी, एवढीच सोय. पण ती त्यांनीं स्वतः उभी केलेली.

हें सर्व एका खेळाच्या परीक्षणांत कशासाठीं, असें वाचक म्हणतील. त्याचें उत्तर 'ट्रॅव्हलर' या खेळांत आहे. मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांतील जहाजें ताऱ्यांमधून फिरणारीं, म्हणजे निव्वळ कल्पनेचीं. पण राहण्याच्या जागेचा हिशेब मात्र इतका कांटेकोर कीं खऱ्या जहाजांच्या कित्येक कथांनीं त्यापासून धडा घ्यावा. जहाजाचें आकारमान टनांत मोजावयाचें, एक टन म्हणजे सुमारें १४ घनमीटर. राहण्याची एक खोली चार टन खाते. त्यांत खोलीबरोबर वाटेचा, जेवणाच्या जागेचा, बैठकीचा वांटाहि धरलेला. व्यापारी जहाजावर प्रत्येक कामकऱ्यास व प्रवाशास अशी खोली दिली पाहिजे, आणि तेवढी जागा मालाच्या कोठींतून वजा झाली पाहिजे. या एका नियमानें खेळणाऱ्यांच्या गळ्यांत नीतीचा प्रश्न येऊन पडतो. मालकास नफा हवा. नफा मालांत आहे. माल कोठींत मावतो. आणि कोठी वाढवावयाची तर कोणाची तरी खोली गेली पाहिजे. वैद्य ठेवावा, कीं त्याच्या चार टनांत माल भरावा? हा प्रश्न कोणीं उपदेश म्हणून सांगितला नाहीं. तो नकाशाच्या चौकटींतून आपोआप उठतो. चांगल्या कलाकृतींत विचार असाच यावा.

या खेळाचा दुसरा विशेष त्याहून धारदार आहे. त्यांतील दोनशे टनांच्या साध्या व्यापारी जहाजावर दहा खोल्या असतात आणि वीस 'शीतनिद्रेच्या' पेट्या. ज्याच्याजवळ दहा हजार आहेत तो प्रवासी खोलींत बसून जातो; ज्याच्याजवळ एकच हजार आहे त्यास गोठविल्यासारखें निजवून अर्ध्या टनाच्या पेटींत घालतात. मुक्कामास पोंचल्यावर त्यास जागें करतांना दोन फांसे टाकावयाचे. बेरीज पांचांहून कमी आली, आणि कुशल वैद्य हाताशीं नसला, तर तो उठत नाहीं. गणित करून पाहतां छत्तिसांत सहा वेळां, म्हणजे सहांत एकदां, मृत्यु. आणि किती जण जगतील याची जहाजावर पैज लागते! करमणुकीच्या खेळांत इतकी निर्दय गोष्ट घालणाऱ्यास कोणी क्रूर म्हणेल. आम्ही त्यास प्रामाणिक म्हणतों. ज्या जहाजांच्या पोटांतून गरीब माणसांनीं समुद्र ओलांडले त्यांचा इतिहास त्यानें फांशांच्या भाषेंत सांगितला आहे.

तरीहि 'ट्रॅव्हलर'चा एक दोष दाखविला पाहिजे. त्याची चार टनांची खोली म्हणजे ५६ घनमीटर. १८९४ चे ७२ घनफूट म्हणजे अवघे दोन घनमीटर. वाटेचा व बैठकीचा वांटा धरूनहि ही सत्तावीस पट जागा होते. आणि ती सुकाणूवाल्यास, यंत्रकारास व वाढप्यास सारखीच. हें ऐकावयास गोड आहे. पण ज्याच्या नकाशांत सर्वांना सारखी खोली मिळाली त्याच्या जहाजावर खालच्याची वरच्याशीं तक्रार उत्पन्न कशी व्हावी? प्रवाशांतील विषमता त्यानें पाहिली, कामकऱ्यांतील विषमता त्याच्या नजरेंतून निसटली. आजच्या खऱ्या जगाचें मानहि इतकें उदार नाहीं. २००६ चा जो सागरी कामगारांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलांत आहे व ज्यास भारतानें २०१५ सालीं मान्यता दिली, त्याप्रमाणें तीन हजार टनांहून लहान जहाजावर एकट्याच्या खोलीस निदान साडेचार चौरस मीटर जमीन, आणि बिछाना १९८ सेंटिमीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद असला पाहिजे. बहात्तर घनफुटांपासून येथवर येण्यास शतकाहून अधिक काळ आणि पुष्कळांचा झगडा लागला. तो झगडा हीच तर कथा आहे. सर्वांना सारखी खोली देऊन तो आरंभींच मिटविणें हें कथेच्या दृष्टीनें नुकसानीचें आहे.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. कारण तो अगदींच पोकळ नाहीं. 'खेळ हा खेळ आहे. शौचकूप कोठें आहे याची चौकशी करीत बसलों तर साहसाचा रस मरून जाईल,' असें या खेळाचे रसिक म्हणतात. यांत तथ्य आहे. प्रत्येक खिळा, प्रत्येक मडकें मोजून दाखविणारे नकाशेहि निघतात, आणि ते पाहतांना कोठाराची यादी वाचल्याचा शीण येतो. तपशील हा स्वतः गुण नव्हे. ज्या तपशिलामुळें एखाद्या पात्रास कांहीं तरी करावेंसें वाटतें तोच तपशील नकाशांत असावा, बाकीचा खुशाल गाळावा. परंतु अन्न, पाणी, झोप, शौच आणि एकांत या पांच गोष्टी गाळण्याजोग्या नाहींत. कारण माणसांना बंड करावयास लावणाऱ्या गोष्टी याच. १९०५ सालीं रशियाच्या 'पोटेम्किन' नौकेवर उठाव झाला तो किडक्या मांसावरून. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईंत 'तलवार' या नाविक तळावर हिंदी नौसैनिकांनीं अन्न नाकारलें. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची अपमानास्पद भाषा यांतून पेटलेला तो वणवा दोन-चार दिवसांत अठ्ठ्याहत्तर जहाजांवर पसरला. साम्राज्य हादरविणारा प्रसंग ताटापाशीं सुरू झाला. मग ज्या नकाशांत ताट मांडावयास जागा नाहीं त्यांत असा प्रसंग घडणार कोठें? तेथें फक्त तोफा उडतील. आणि नुसत्या तोफा उडण्यानें रस उत्पन्न होतो असें मानणारास आम्ही रसिक म्हणणार नाहीं.

तेव्हां जे तरुण असे खेळ मराठींत रचूं इच्छितात त्यांना आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. नकाशाचा आरंभ कप्तानाच्या खोलीपासून करूं नये, चुलीपासून करावा. चूल कोठें मांडली, तिच्याभोंवतीं कोण कोणाच्या पंक्तीस बसतो आणि कोण बसत नाहीं, हें ठरलें कीं जहाजावरचा समाज निम्मा ठरला. मग पाण्याचीं पिंपें आणि त्यांवर पहारा कोणाचा तें पाहावें. मग रात्रीच्या दोन पहारांची निजण्याची वांटणी करावी. आजारी माणूस कोठें ठेवावयाचा, आणि तो मेला तर त्याची जागा व त्याची पेटी कोणाकडे जाते, हें ठरवावें. शेवटीं एक जागा अशी शोधावी कीं जेथें कोणासहि घटकाभर एकटें बसतां येईल. नाळेच्या टोंकाशीं असो, दोरखंडांच्या ढिगामागें असो. जहाजावर एकांत ही सोन्याहून दुर्मिळ वस्तु आहे, आणि दोन पात्रें तिच्यासाठीं भांडूं लागलीं कीं सूत्रधारास फारसें कांहीं करावें लागत नाहीं. इतकें झाल्यावर उरलेल्या जागेंत तोफा आणि कप्तानाची खोली बसवावी. ती आपोआप लहान होईल, आणि खऱ्याच्या जवळ जाईल.

आमच्या वाडीकरांना तरी ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडूं नये. पाणी वाढूं लागलें कीं येथें देवासहि बिऱ्हाड हलवावें लागतें. श्रींची उत्सवमूर्ति उंचावरच्या मठांत नेतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्यांतील कितीएक कुटुंबें घरदार सोडून छावण्यांत गेलीं. शाळेच्या एका वर्गांत चार बिऱ्हाडें, एकेका सतरंजीवर एकेक संसार. बायकांना कपडे बदलावयास आडोसा नाहीं, म्हाताऱ्यांना रात्रीं उठावें तर पाय ठेवावयास जागा नाहीं. सहा फुटांवर दोन फूट म्हणजे काय हें त्या दिवसांत पुस्तकावांचून कळतें. ज्यानें तें भोगलें किंवा जवळून पाहिलें, त्यानें जहाजाच्या तळमजल्यावर नुसता चौकोन काढून त्यांत 'खलाशी' असें लिहूं नये.

या सर्व विवेचनाचें तात्पर्य इतकेंच कीं, भूमिकांच्या खेळाचें सामर्थ्य मोठें आहे. कादंबरी वाचणारा दुसऱ्याच्या जागीं मनानें जातो. हा खेळ खेळणारा त्या जागीं जाऊन निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाचें फळहि भोगतो. एवढें सामर्थ्य ज्या कलेच्या हातीं आहे तिनें सोळा वर्षांच्या मुलास प्रत्येक वेळीं कप्तानच कां करावें? त्यास एखादे वेळीं रत्नागिरीचा लास्कर करावें, बांबूंच्या मजल्याखालीं निजणारा वल्हेकरी करावें, आणि त्याच्या वाट्याचे दोन फूट त्यास नकाशावर बोटानें दाखवावें. असा नकाशा मराठींत निघेल त्या दिवशीं आम्ही त्याचें परीक्षण मोठ्या आनंदानें लिहूं. आणि त्यांत तोफा किती आहेत हें सर्वांत शेवटीं पाहूं.